तीन गंजक्या ट्रकांपैकी हंगामासाठी कोणता उभा करावा?

प्रश्न : आमचे गाव शिरोळ तालुक्यात आहे. घरची चार एकर ऊसशेती असून, यंदाच्या गळीत हंगामात स्वतःची गाडी ऊस वाहतुकीला लावावी असे मी आणि धाकट्या भावाने ठरवले आहे. नवीन गाडी आम्हाला झेपणारी नाही. समोर तीन जुने सहाचाकी ट्रक आहेत आणि तिन्ही एमएच ०९ पासिंगचे आहेत. पहिला २००९ चा, आमच्या चुलत्यांचा. तो विटा आणि गुळाच्या रव्यांची वाहतूक करीत असे. गेली दोन वर्षे गोठ्यामागे उभा आहे. केबिनचा पत्रा कुजला असून ड्रायव्हरच्या पायाखाली हात जाईल एवढे भोक पडले आहे, आणि सकाळी सेल्फ मारल्यावर बराच वेळ पांढरा धूर येतो. दुसरा २०१२ चा, नुकताच रंगवलेला, टायर नवे. पण तो २०१९ च्या महापुरात बुडाला होता असे लोक बोलतात. तिसरा २०१४ चा, रत्नागिरीहून मासळी आणणारा. त्याचे इंजिन एका सेल्फला सुरू होते. चासीला गंज आहे, पण ‘घासून रेडऑक्साइड मारून देतो’ असे मालक म्हणतात. खरेदी सोडून दुरुस्तीसाठी आमच्याकडे साडेतीन लाख रुपये आहेत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुक्यात गाडी फडातून काढावी लागेल. कोणती गाडी घ्यावी?

— एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझा कल पहिल्या गाडीकडे आहे, म्हणजे तिघींत जी दिसायला सर्वांत वाईट आहे तिच्याकडे. पैसे मोजण्यापूर्वी मात्र एक दिवस खर्ची घालून पुढे सांगितलेली तपासणी करा, कारण गोठ्यामागे दोन पावसाळे काढलेल्या गाडीबद्दल पत्रावरून छातीठोकपणे बोलणे बरे नव्हे.

जुनी गाडी बघताना बहुतेकांची नजर गंज किती आहे यावर जाते. खरे पाहायचे असते ते गंज कुठे आहे. केबिनचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो, तो कुजला तर भोक लगेच दिसते, आणि तो कापून नवा जोडणारे कारागीर कोल्हापुरात हवे तितके आहेत. अगदीच गेली असेल तर भंगार बाजारातून त्याच मॉडेलची बरी केबिन आणून बसवता येते. चासीचे तसे नाही. तिचे दोन्ही लांब चॅनेल साधारण सहा ते आठ मिलिमीटर जाडीचे असतात, त्यामुळे ते आतून निम्मे झाले तरी बाहेरून उभेच दिसतात. शिवाय चासीवर ठोकलेला नंबर ही गाडीची कायदेशीर ओळख असते. केबिन हा गाडीचा अंगरखा आहे आणि चासी हा कणा, एवढा फरक मनात ठेवला तर तुमच्या तिन्ही गाड्यांचा क्रम जवळपास आपोआप लागतो.

तिसरी गाडी मी का बाजूला ठेवतो ते आधी सांगतो, कारण तिचे इंजिन तुम्हाला भुरळ घालणार. मासळीच्या गाडीत बर्फ असतो. तो आंबा घाट चढून कोल्हापूर येईपर्यंत वितळत राहतो आणि ते खारे पाणी हौद्याच्या फटींतून थेट चासीवर ठिबकते. मिठाचा गुण असा की ते हवेतला दमटपणा ओढून घेते, त्यामुळे चासी वरून कोरडी दिसली तरी गंजाच्या पोपड्याखालचे लोखंड ओलसरच राहते आणि गंजण्याचे काम उन्हाळ्यातही थांबत नाही. मागच्या पाट्यांच्या (म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) हँगरजवळ जिथे चासीला आतून दुसरा चॅनेल जोडलेला असतो, तिथे या दोन थरांमध्ये बारीक फट आहे का ते बघा. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. तो आत फुगत जातो, दोन्ही चॅनेल एकमेकांपासून ढकलतो आणि मधले रिबिट ताणून तोडतो. अशा जागी मी एकदा पेचकसाचे टोक घातले, तर वहीच्या पानांसारखे गंजाचे थर एकामागून एक सुटून हातात आले होते. ती गाडी आदल्याच आठवड्यात ‘घासून, रेडऑक्साइड मारून’ दिलेली होती. रंग बाहेरून लागतो आणि हा गंज दोन चॅनेलच्या आत असतो, म्हणून मालकांच्या त्या आश्वासनाला काही अर्थ नाही; उलट त्यांनी रंग मारण्यापूर्वीच तुम्ही गाडी पाहिलीत, हे तुमचे नशीब समजा.

दुसरी गाडी अधिक अवघड आहे, कारण तिथे गंज दिसतच नाही. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत तुमच्या तालुक्यात पाणी किती दिवस होते हे मी तुम्हाला सांगायला नको. पुराचे पाणी ओसरले तरी गाळ राहतो, आणि तो पोकळ जागा शोधून बसतो : चासीच्या आडव्या पट्ट्यांत, केबिनच्या दारांच्या तळाशी, हेडलाइटच्या मागे, वायरिंगच्या आवरणात. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना हवा खेळण्यासाठी वर छोटे ब्रीदर असते, त्यातूनही पाणी आत जाते. ऑइल वेळीच बदलले नाही तर बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडतात आणि गाडी पुढे दोन-चार हजार किलोमीटर नीट धावून मग भर हंगामात हुंकार द्यायला लागते. बोलण्यावर विसंबू नका, खूण शोधा. सीटचा पट्टा किंवा ड्रायव्हरसीटखालचे रबर उचला. डॅशबोर्डच्या मागे हात घालून बोटे चोळा. मागचे दिवे खोलून त्यांच्या तळाशी बघा. कृष्णाकाठचा गाळ पिठासारखा बारीक असतो आणि गाडी धुतली तरी अशा कोपऱ्यांत तो राहतोच. विमा कंपनीकडे त्या वर्षीचा दावा झाला होता का, हेही विक्रेत्याला स्पष्ट विचारा. गाळ सापडला आणि तरीही गाडी स्वस्तात मिळत असेल, तर तिच्या दुरुस्तीच्या अंदाजात संपूर्ण वायरिंग, सेल्फ, डायनामो आणि चारही हबचे बेअरिंग आधीच धरून चाला; तसे धरले की स्वस्ताई बहुधा उरत नाही.

आता चुलत्यांच्या गाडीकडे येऊ. विटांच्या धुळीने रंग जातो आणि गुळाच्या पाकाने हौदा चिकटतो, पण मिठासारखा दीर्घकाळ चालणारा त्रास यांपैकी कशानेच होत नाही. तपासणीसाठी गाडी गोठ्यामागून काढून सपाट, कोरड्या जागी उभी करा. आधी मागे दहा पावले जाऊन उकिडवे बसा आणि चासीच्या दोन्ही रेघा केबिनपर्यंत सरळ जातात का, गाडी एका अंगाला बसलेली आहे का, ते पाहा. मग चासीच्या चार ठरलेल्या जागांवरून, म्हणजे पुढच्या आणि मागच्या पाट्यांच्या पिनांवरून, ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा करा आणि दोरीने कर्ण मोजा. दोन कर्णांत पाच-सात मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर गाडीला कधीतरी मोठा मार लागलेला आहे असे समजा. यानंतर पावशेर वजनाची हातोडी घ्या आणि चासीवर हातभर अंतराने टकटक करीत चला. निरोगी लोखंड खणखणते, कुजलेले भद्द वाजते; आपल्याकडे मडके विकत घेताना जशी टिचकी मारून बघतात तसाच हा प्रकार आहे आणि पाच मिनिटांत कान सरावतो. केबिनच्या मागची जागा, बॅटरीच्या पेटीखालचा भाग (बॅटरीचे ॲसिड सांडून तिथे हमखास खाल्लेले असते), डिझेल टाकीचे ब्रॅकेट आणि मागच्या ॲक्सलच्या वरचा भाग इथे दुप्पट वेळ द्या. शंका येईल तिथे तारेच्या ब्रशने पांढरे लोखंड दिसेपर्यंत घासा आणि चॅनेलच्या कडेची जाडी व्हर्निअरने मोजून चांगल्या जागेशी ताडून पाहा. माझा स्वतःचा ठोकताळा असा की दीड मिलिमीटरपर्यंतची घट एखाद-दुसऱ्या ठिकाणी असेल तर गाडी घ्यावी. त्याहून अधिक असेल, किंवा चासीच्या वरच्या-खालच्या कडेला आडवी चीर दिसली, तर ती भंगारातच शोभते.

चासीवर जुने वेल्डिंग दिसले तर ते कोणत्या दिशेने केले आहे ते पाहा. उभ्या भागावर हिऱ्याच्या आकाराची पट्टी तिरक्या रेषांत जोडलेली असेल तर काम जाणत्या मिस्त्रीचे आहे. चासीच्या वरच्या किंवा खालच्या कडेवर आडवी वेल्डिंग ओढलेली असेल तर नेमकी तिथेच ती पुन्हा तुटणार, कारण भार आला की सर्वांत जास्त ताण त्या कडांवर येतो. आणि तुमचा भार उसाचा आहे. २०१८ मध्ये दोन ॲक्सलच्या ट्रकची एकूण वजनाची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन करण्यात आली, पण सोळा वर्षांच्या चासीची ताकद अधिसूचनेने वाढत नाही. आरसी बुकात जो आकडा आहे तोच तुमचा आकडा; मुकादम कितीही ‘अजून दोन मोळ्या बसतील’ म्हणाला तरी.

पांढऱ्या धुराबद्दल. थंड इंजिनातून पांढरा धूर म्हणजे बहुतेक वेळा न जळलेले डिझेल. तो गाडी गरम झाल्यावर थांबत असेल तर नोझल, पंपाचे टायमिंग किंवा कमी झालेले कॉम्प्रेशन यांपैकी काहीतरी आहे. गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे बघावे लागेल. दोन वर्षे टाकीत पडून राहिलेल्या डिझेलमध्ये पाणी साचलेले असते, म्हणून पहिले काम टाकी रिकामी करून धुणे, दोन्ही फिल्टर बदलणे आणि ताजे डिझेल घालून पुन्हा पाहणे हे होय. निम्म्या वेळा निम्मा धूर तिथेच जातो. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण काढा : थोडी वाफ येणे ठीक, पण फुकणीतून मारल्यासारखी हवा आणि ऑइलचे शिंतोडे येत असतील तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारते आहे, म्हणजे पिस्टनच्या कडेने हवा खाली गळते आहे, आणि लायनर-पिस्टनचे काम निघणार. हे काम मोठे असले तरी कोल्हापूरच्या माणसाने त्याला घाबरू नये. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचे फेसिंग हे सगळे उद्यमनगरात एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाईपर्यंत होते. त्या काळातल्या या गाड्यांना बहुधा यांत्रिक पंप असतो, संगणकाची भानगड नाही, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे.

थंडीचा विचार इथे थोडा वेगळा करावा लागतो. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे पारा साधारण १२ ते १५ अंशांच्या आसपास येतो, क्वचित त्याखाली. डिझेल गोठण्याची चिंता हिमाचल आणि लडाखच्या ड्रायव्हरांना. आपला शत्रू दव आणि धुके. फडात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या प्रत्येक जोडावर पाणी धरते, आणि चौदा अंशांनासुद्धा थकलेली बॅटरी आणि घसरलेले कॉम्प्रेशन एकत्र आले की गाडी धक्क्याशिवाय सुरू होत नाही. भरलेल्या उसाच्या गाडीला धक्का मारायला टोळीतील माणसे पहाटे तीनला उठणार नाहीत. या गाड्यांना २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या मालिकेत जोडलेल्या असतात. त्यातली एकच बदलण्याचा मोह टाळा, कारण जुनी बॅटरी नवीला ओढून खाली आणते. सेल्फच्या जाड केबलची दोन्ही टोके आणि चासीला जोडलेली अर्थ पट्टी घासून चकचकीत करा. निम्म्या ‘बॅटरी गेली’ तक्रारींचे मूळ त्या गंजलेल्या अर्थ पट्टीत असते.

तुमच्या साडेतीन लाखांचा क्रम मी असा लावीन की आधी ब्रेक आणि स्टेअरिंग, म्हणजे ब्रेकचे लायनर, ड्रम, हवेच्या नळ्या, किंगपिन आणि टाय रॉडची टोके. मग पाटे आणि यू-बोल्ट. त्यानंतर इंजिनात जे निघेल ते. आणि सर्वांत शेवटी केबिन. केबिनमध्येही पायाखालचा पत्रा, केबिन ज्यावर बसते ते माउंटिंग आणि काचेची चौकट एवढे आधी करा. दारांचा बाहेरचा पत्रा पुढच्या वर्षी झाला तरी ऊस कारखान्यावर पोहोचतो. वेल्डिंगला बसण्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडायला मिस्त्रींना आठवण करा, नाहीतर डायनामो जळतो आणि तो खर्च कोणीच कबूल करीत नाही.

दिव्यांवर कंजुषी नको. पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूंना पिवळी परावर्तक पट्टी हवी हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण भरलेल्या गाडीच्या मागे लोंबणारे उसाचे वाढे मागचे दिवे आणि पट्टी दोन्ही झाकून टाकते, आणि धुक्यात मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला समोर फक्त काळोख दिसतो. मागचे दिवे फाळक्याच्या खाली, बाहेरच्या कडेला घ्या आणि गाडी भरून झाल्यावर कोयत्याने वाढे कापल्याशिवाय फडातून हलू नका.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण ती गॅरेजमध्ये होत नाही. चासी नंबरच्या जागेवर रॉकेल लावून, मऊ ब्रशने घासून नंबर स्पष्ट वाचता येतो का, आणि तो आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर जुळतो का, हे पाहा. गंजाने नंबर खाल्ला असेल तर दुरुस्तीचा एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात जाऊन पुढचा मार्ग विचारा. इंजिन पूर्वी बदलले असेल तर त्याची नोंद झाली आहे का, बँकेचा बोजा उतरला आहे का, कर किती थकला आहे, हेही तिथेच कळेल. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते, आणि १५ वर्षांवरील गाडीचे त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरेच वाढवले गेले आहे. चालू दर विचारून तो दरवर्षीचा खर्च म्हणून हिशेबात धरा. तुमच्या चुलत्यांच्या गाडीची ही एकच खरी उणीव आहे. ‘पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात’ असे जे तुम्हाला कोणी ना कोणी सांगेल, ते आपल्याकडच्या खासगी मालकीच्या ट्रकला लागू नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांचा तो नियम सरकारी गाड्यांसाठी आहे आणि दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांचा निर्बंध दिल्ली परिसराचा आहे. इथे प्रश्न पासिंग होते की नाही एवढाच.

हे सगळे नवरात्राच्या आधी संपवा. खंडेनवमीला गाडीला हार घालून पूजा करायची असते, त्या दिवशी ती गॅरेजमध्ये खाली ठोकळ्यांवर उभी नसावी.

प्रश्न : माझा ट्रक गगनबावडा रस्त्यावर चालतो. थंडीत सकाळी ब्रेकच्या टाक्यांत हवा भरायला वेळ लागतो आणि घाटात ब्रेक मारताना हवेच्या दाबाचा काटा पटकन खाली येतो. कॉम्प्रेसर बदलावा का?

— एक ट्रकचालक

उत्तर : आधी टाक्यांचे पाणी काढा. कॉम्प्रेसरने दाबलेली गरम हवा टाकीत गार झाली की तिच्यातील दमटपणा पाण्याच्या रूपाने तळाशी साचतो. गगनबावड्यासारख्या ओल्या हवेत तो जास्तच साचतो. टाकीत जितके पाणी, तितकी हवेला जागा कमी, म्हणून दोन-तीन वेळा ब्रेक मारताच काटा उतरतो. खालचा कॉक रोज संध्याकाळी, हवा भरलेली असतानाच उघडा. पाण्याबरोबर काळे, चिकट ऑइल येत असेल तर मात्र कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्या आहेत. पाणी काढल्यावर हवा पूर्ण भरा, इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा आणि घड्याळ लावून तीन मिनिटे काटा पाहा. तो हलला तर साबणाचा फेस घेऊन जोड, ब्रेक चेंबर आणि गंजलेल्या लोखंडी नळ्या एकेक करून तपासा. ही गळती सापडेपर्यंत भरलेली गाडी करूळ घाटात उतरवू नका.

प्रश्न : गंज धरू नये म्हणून चासीवर जळके ऑइल फवारतात. ते योग्य आहे का?

— एक वाचक, कागल

उत्तर : लोखंडापुरते बोलायचे तर त्याने गंज काही काळ थोपतो हे खरे. पण ते ऑइल ब्रेकच्या रबरी नळ्या, पाट्यांची रबरी बुशे आणि इंजिनाचे माउंटिंग फुगवते, ड्रममध्ये गेले तर लायनर घसरतात, आणि त्यावर बसलेल्या धुळीचा थर पुढे पाणी धरून ठेवतो. शिवाय पहिल्या पावसात ते ओढ्यात जाते. पावसाळा संपल्यावर चासी दाबाच्या पाण्याने धुवा, चार दिवस कडक उन्हात पूर्ण वाळू द्या, पोपडे तारेच्या ब्रशने काढा आणि मग जस्तयुक्त प्रायमरवर दोन हात रंग द्या. ओल्या चासीवर दिलेला रंग न दिलेल्यापेक्षा वाईट, कारण तो ओल आत कोंडून ठेवतो. आडव्या पट्ट्यांच्या पोकळीत रंगाचा ब्रश पोहोचत नाही. तिथे पातळ केलेले नवे ग्रीस पिचकारीने सोडा आणि तळाची पाणी वाहून जाण्याची छिद्रे तारेने मोकळी आहेत ना, ते दर पावसाळ्यापूर्वी पाहा.